मोहबोडीच्या बांधीतली तार

गोंडपिपरी तालुक्यातल्या निम्म्या गावांत नूतन निमगडेला नावाने कोणी ओळखत नाही. "लाइनवाली बाई" म्हटलं की शाळेतलं पोरही सांगतं, ती आत्ता कोणत्या खांबावर आहे. वीज कंपनीत ती तंत्रज्ञ आहे. वय चौतीस, अंगाने शिडशिडीत, बोलणं तुटक. कमरेच्या पट्ट्याला पक्कड आणि टेस्टर. सुटीच्या दिवशी पट्टा घरी राहतो, टेस्टर मात्र खिशात असतोच. नोकरीला लागली तेव्हा बाईमाणूस वर चढते म्हणून लोक खांबाखाली जमायचे. आता लाइन आली की आपापल्या घरी निघून जातात.

पाखरांचा नाद तिला या कामातूनच लागला. पाच-सहा वर्षांपूर्वी एका डीपीचा, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडाल्याची तक्रार आली. ती गेली तर खाली एक भला मोठा गरुड मरून पडलेला, एक पंख जळालेला. फ्यूज बदलून परत यायचं एवढंच तिचं काम होतं. पण तिने तो गरुड खताच्या रिकाम्या पोत्यात घातला, गाडीला बांधला आणि थेट बाजारात वाजिदभाऊंच्या चष्म्याच्या दुकानात नेला. त्यांच्या काचेच्या कपाटात वर्षानुवर्षं न विकलेली एक दुर्बीण होती. संध्याकाळी ती घेऊन ते दुकानासमोर आभाळाकडे बघत उभे राहायचे, हे तिने खांबावरून कितीदा पाहिलं होतं.

वाजिदभाऊ आधी घाबरलेच. "अवं, हे जंगलखात्याले कळवा लागते!" मग त्यांनी कळवलंही. पण गार्ड येईपर्यंत पक्ष्यांचं पुस्तक उघडून दोघं त्या गरुडाचं चित्र शोधत बसली. हिमालयापलीकडच्या गवताळ रानातून दर हिवाळ्यात येणारा पाहुणा निघाला तो. "इतक्या लांबून आला," नूतन म्हणाली, "आन् आपल्या डीपीवर मेला." दुसऱ्याच आठवड्यात तिने साहेबांच्या मागे लागून त्या डीपीच्या उघड्या तारांना रबरी नळ्या चढवून घेतल्या.

आमचा गट तिथून सुरू झाला. मी ऊर्जानगरचा, नोकरीतून निवृत्त झालेला. आणखी चारपाच जण होते. नवरात्रापासून कार्तिक संपेपर्यंत दर रविवारी सकाळी आम्ही मोहबोडी गावामागच्या टेकडीवर उभे राहायचो आणि उत्तरेकडून येणारे ससाणे, गरुड, भोवत्ये मोजायचो. भोवत्या म्हणजे धानाच्या आणि गवताच्या जरा वरून घिरट्या घालत उंदीर-बेडूक शोधणारा शिकारी पक्षी. आपल्याकडे लोक त्यालाही घारच म्हणतात. आमचे आकडे नागपूरला नंदिनी नावाच्या एका संशोधक मुलीकडे जायचे.

त्या वर्षी, कोजागिरीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी तिचा नूतनला फोन आला. मागच्या हिवाळ्यात एका भोवत्याच्या मादीच्या पाठीवर तिने छोटं यंत्र बसवलं होतं. ती मादी उन्हाळ्यात पार कझाकस्तानात जाऊन परत आली होती.

"ताई, दोन दिवस झाले, ती एकाच जागेवर आहे," नंदिनी म्हणाली. "मोहबोडीच्या बोडीखालच्या शेतात. जखमी असेल, नाहीतर यंत्र गळून पडलं असेल. कोणी जाऊ शकेल का?"

मी त्या रविवारी नव्हतो, नातीचा वाढदिवस होता. पुढे जे घडलं ते मी नूतन आणि वाजिदभाऊ, दोघांकडून स्वतंत्रपणे ऐकलं, आणि दोन्हींत काही फरक नव्हता.

सकाळी साडेसहाला नूतनने बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर गाडी लावली. तिथून दोघं धुऱ्याने, शेताच्या बांधावरून निघाले. वाजिदभाऊ पुढे, मोबाइलच्या नकाशावरचा ठिपका बघत. नूतन दहा-पंधरा पावलं मागे. धान पिवळं पडायला लागलं होतं, लोंब्या दवाने वाकलेल्या. बांधीतलं, म्हणजे धानाच्या खाचरातलं, पाणी सोडलेलं असलं तरी चिखल ओला होता.

"थे पाहा! पंख दिसून राह्यला!" वाजिदभाऊ ओरडले. समोरच्या बांधीच्या कोपऱ्यात तपकिरी काहीतरी होतं. त्यांनी चपला काढल्या, पायजमा वर खोचला, धुऱ्याला लागून असलेल्या पाटावरून उडी मारली आणि धानात उतरले. अठ्ठावन्न वर्षांचा जाडजूड माणूस, उजवा गुडघा कायमचा दुखरा. पण पाखरू दिसलं की त्यांना कशाचं भान राहत नसे.

नूतनही पाठोपाठ उतरणार होती. तिचा पाय उचललेला होता, तेवढ्यात तिला धुऱ्याच्या आतल्या कडेला एक बेडूक दिसला. उताणा, मेलेला. दोन हातांवर दुसरा. त्यापुढे एक उंदीर. तिन्ही एका रेषेत. कावळ्यांनी त्यांना शिवलं नव्हतं. मग धानाच्या बुडात तिला बांबूची खुंटी दिसली, खुंटीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, आणि त्या तुकड्यावरून गेलेली बारीक लोखंडी तार.

"वाजिदभाऊ! हालू नोका!"

वाजिदभाऊ ओणवे झाले होते. उजवा हात पुढे गेलेला. पंख आणि बोटं यांच्यात एक वीत उरली असेल.

"काऊन? वाघ हाय?" मान न वळवता त्यांनी विचारलं.

"वाघ नाई. तार हाय. पाखरू तारेवरच पडलं हाय. हात मागं घ्या. हळू. पाय उचलू नोका."

हात मागे आला. त्यांना आता ती तार दिसली, गुडघ्याच्या खाली, ढांगभर अंतरावर. भोवत्याचा एक पंख तिच्यावर अडकला होता, बाकीचं अंग चिखलात.

"करंट हाय का तिच्यात?"

 बुटांवर उकिडवी बसून नूतनने टेस्टरचं टोक आपल्याजवळच्या तारेला लावलं. आतला दिवा लाल झाला. धानाचं एक ओलं पान तारेला टेकत होतं आणि तिथून चुरचुर असा बारीक आवाज येत होता.

रानडुकरांसाठी लावलेली तार होती ती. आमच्या भागात हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. वाघाच्या भीतीने मचाणावर जागलीला जायला कोणी तयार नाही, डुकरं एका रात्रीत अर्धी बांधी लोळवतात, मग कोणी खांबावर आकडा टाकतो आणि शेताभोवती जिवंत तार फिरवतो. संध्याकाळी लावायची, पहाटे काढायची. ही काढलेली नव्हती.

वाजिदभाऊंच्या समोर तार होती, डाव्या हाताला तार होती, आणि मघाशी ज्या पाटावरून त्यांनी उडी मारली तिथेही होती. नशिबाने तिच्यावरून गेले होते. ओल्या चिखलात अनवाणी पायांनी परत तशीच उडी मारा, असं सांगणं शक्य नव्हतं. मधे धानात आणखी कुठे तार असेल याचाही भरवसा नव्हता.

तिने फोन काढला. सबस्टेशनवर तिचा सहकारी लच्छू ड्युटीवर होता, तो फीडर, म्हणजे या भागाची सगळी लाइन, बंद करू शकला असता. पण फोनवर एकही काडी नव्हती. रेंज होती ती पाळीवर. जायला दहा मिनिटं, लच्छूला सांगून लाइन बंद होईपर्यंत आणखी किती तरी. नूतनने वाजिदभाऊंच्या गुडघ्याकडे पाहिलं. तो आत्ताच थरथरत होता.

"मी आकडा काढून येते," ती म्हणाली. "तुमी मोजत राहा."

"काय मोजू?"

"काईपण. एक, दोन, तीन. मोठ्यानं. मले ऐकू आलं पायजे."

वाजिदभाऊंनी मोजायला सुरुवात केली. नूतन धुऱ्यावरून तारेचा माग घेत पळाली. तार बांधीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वर चढली होती आणि लाइनच्या खांबाजवळ वायरीला लोखंडी आकडा अडकवलेला होता. हातमोजे नाहीत, लाइनवर काम करायचं परमिट नाही, लाइन चालू. अशा वेळी काय करायचं नाही याचे नियम तिला तोंडपाठ होते. नवीन पोरांना तीच शिकवायची.

आकडा काढायला कोरडा बांबू हवा होता. धुऱ्यावर पडलेले सगळे बांबू दवाने ओले. मागून आवाज येत होता, "एकशे नऊ, एकशे दहा..." पन्नासेक पावलांवर एक ओस मचाण होतं, वर ताडपत्री. ती चढली. ताडपत्रीखाली एक लांब बांबू सापडला, हाताला कोरडा लागला. तिने तो गालाला लावून पाहिला. मग मचाणाची एक फळी उचकटून काढली आणि दोन्ही घेऊन खाली उतरली.

खांबापाशी फळी टाकून ती तिच्यावर उभी राहिली. "दोनशे अठ्ठ्याऐंशी... दोनशे एकोणनव्वद..." आवाज आता अडखळत होता. तिने बांबूचं टोक आकड्याखाली घातलं आणि वर ढकललं. आकडा निघाला नाही, वायरीवरून घसरला. ठिणगी उडाली आणि जळका वास आला.

"तीनशे सव्वीस... तीनशे..."

आवाज थांबला.

ती मला म्हणाली होती, "मी मागं पाह्यलंच नाई. पाह्यलं असतं तर हात हालला असता." तिने बांबू पुन्हा आकड्याखाली नेला आणि एका झटक्यात वर उचलला. आकडा सुटला आणि फळीपासून दोन हातांवर येऊन पडला. तशातही तिने तारेला आधी टेस्टर लावला. दिवा लागला नाही. मग ती धावली.

वाजिदभाऊ चिखलात बसलेले होते. गुडघ्याने दगा दिला होता. डोळे मिटलेले, ओठ हलत होते, आणि डावा कोपर तारेवर टेकलेला होता. तार खाली दबली होती.

"भाऊ!"

त्यांनी डोळे उघडले. कोपराकडे पाहिलं. "बंद झाली?" त्यांनी विचारलं. आकडा आधी निघाला की गुडघा आधी मोडला, ते दोघांनाही आजपर्यंत सांगता आलेलं नाही.

तिने त्यांना ओढून धुऱ्यावर घेतलं. त्यांनी चिखलाचे हात पायजम्याला पुसले. मग म्हणाले, "थे पाखरू आणून दे ना." नूतनने भोवत्याची मादी चिखलातून उचलून आणली. पाठीवरचं यंत्र शाबूत होतं. तारेने मेलेले बेडूक खायला ती उतरली असणार.

तेवढ्यात बोडीकडून एक माणूस धुऱ्यावरून पळत येताना दिसला. हातात डब्याची पिशवी. देवराव, बांधीचा मालक. नूतन त्याला ओळखत होती. टेकडीवर जाताना आम्ही त्याच्या विहिरीवर पाणी प्यायचो. खाली पडलेली तार, चिखलाने माखलेले वाजिदभाऊ, नूतनच्या हातातला टेस्टर, एवढं पाहून तो जागीच थांबला.

"सीता दवाखान्यात हाय," तो म्हणाला. सीता त्याची बायको. "परवा पहाटे एकदम ताप चढला. तशीच गोंडपिपरीले नेली. काढाची राहून गेली बाई. दोन दिवस मले सुचलंच नाई. आज पहाटे आठवलं आन् पळत आलो."

"दोन दिवस चालू होती?" नूतनने विचारलं.

देवराव खाली बसला. तो तिच्या पायांना हात लावायला गेला, ती मागे सरली. "केस नोका करू बाई. आजच सगळी तार गुंडाळतो. पुन्हा लावली तर सांगा."

वाजिदभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. "जाऊ दे नूतन," ते म्हणाले. "मी जित्ता हाय ना. बायको दवाखान्यात हाय त्याची."

तेव्हा नूतनने ते सांगितलं जे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षी दुसऱ्या एका गावात तिला असाच आकडा सापडला होता. तो माणूसही असाच रडला होता, अशीच शपथ घेतली होती. तिने आकडा काढून नेला, त्याला चार शब्द सुनावले आणि कोणाला कळवलं नाही. आठव्या दिवशी त्याच शेतात गुलाब नावाचा मजूर तारेवर पाय पडून गेला. देह उचलायच्या आधी लाइन बंद करायला साहेबांनी नूतनलाच पाठवलं होतं.

"त्याची बायको तिथीच बसली होती," ती म्हणाली. "मले म्हणे, बाई, तुमी लवकर आल्या. आभार मानून राह्यली होती माहे."

 नूतन उठली, पाळीवर गेली आणि तिने दोन फोन केले, एक आपल्या साहेबांना, एक पोलिसांना. वाजिदभाऊंनी नंतर नंदिनीला कळवलं.

देवराव अकरा दिवस आत होता, मग जामिनावर सुटला. खटला अजून चालू आहे. वाजिदभाऊंना जबाब द्यावा लागला. द्यायला त्यांनी चार दिवस घेतले आणि त्या चार दिवसांत ते नूतनशी बोलले नाहीत.

मोहबोडीने नूतनला सोडलं नाही. पाखरासाठी माणूस आत टाकला, अशी बोलणी सुरू झाली. गावात लाइन गेली की ती यायची, पण तिला शिडी धरायला कोणी पुढे होईना, पाणी कोणी विचारीना. एकदा खांबावरून उतरली तर गाडीची दोन्ही चाकं बसलेली. चौदा किलोमीटर तिने ती गाडी ढकलत आणली. टेकडीच्या वाटेवर कोणीतरी बाभळीच्या फांद्या टाकून ठेवल्या.

आमच्या गटातही दोन तट पडले. मी तिच्या विरुद्ध होतो, हे इथे लिहिलं पाहिजे. मी म्हणालो होतो की समजावून सांगून भागलं असतं, आता वर्षानुवर्षं जोडलेलं गाव तुटलं. ती फक्त म्हणाली, "तुमी गुलाबच्या घरी जाऊन या, काका. मग बोलू." मी गेलो नाही. त्या मोसमातले उरलेले रविवार आम्ही वैनगंगेच्या पुलाजवळ रस्त्याच्या कडेला उभे राहून मोजणी केली. ट्रकांच्या धुळीत निम्मे पक्षी निसटले असतील. ती मात्र दर रविवारी सगळ्यांच्या आधी आलेली असायची.

पौषात एक बाई वाजिदभाऊंच्या दुकानात आली. चष्मा दाखवा म्हणाली, पण एकही घालून पाहीना. मग हळूच विचारलं, "तार तुमच्यापासून किती दूर होती?"

वाजिदभाऊंनी तेव्हा तिला ओळखलं. ती सीता होती. त्यांनी हाताची वीत करून दाखवली.

"मी रोज सकाळी त्याच कोपऱ्यात चारा कापाले जातो," सीता म्हणाली. आमच्या झाडीपट्टीतल्या बाया 'जाते' न म्हणता असंच बोलतात. "हे तार काढून घरी आले का मग मी निंगतो. एखाद्या दिवशी हे असेच इसरले असते, तर यांनी काढली असन म्हणून मी गेलीच असती." एवढं बोलून ती उठली. जाता जाता म्हणाली, "त्या बाईले सांगा, घरचे लोक तिच्यावर चिडून हाय. मी नाई."

वाजिदभाऊंनी त्याच दुपारी दुकान बंद केलं, सबस्टेशनवर गेले आणि नूतनला जसंच्या तसं सांगितलं. ती एका जळक्या फ्यूजची तार बदलत होती. तिने ऐकून घेतलं आणि काम पुरं केलं.

पुढचा पावसाळा गेला. मोहबोडीत वनखात्याच्या योजनेतून सौर कुंपणाची काही यंत्रं आली. त्यांचा झटका बसतो, जीव जात नाही. पहिलं यंत्र देवरावने घेतलं. बाकीच्यांनी घ्यायला वेळ लावला, काहींनी घेतलंच नाही. टेकडीच्या वाटेवरच्या फांद्या वाळवीने खाल्ल्या. नवरात्रात आम्ही विचारायला गेलो तेव्हा सरपंच हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. म्हणून आम्ही चढलो.

दुसऱ्याच रविवारी, साडेनऊच्या सुमारास, बोडीवर नऊ भोवत्ये घिरट्या घालत असताना नूतनचा फोन वाजला. अनोळखी नंबर होता. टेकडीवर रेंज असते, आवाज मोठा आणि स्वच्छ येतो, त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या मलाही पलीकडचा बाईचा आवाज ऐकू आला.

"नाल्याच्या पल्याड, मोहाच्या झाडाखालची बांधी. तिथी तार हाय. सकाळची चालूच हाय. माह्यं नाव सांगू नोका."

"नाई सांगत," नूतन म्हणाली.

फोन बंद झाला. तिने दुर्बीण गळ्यातून काढून माझ्या हातात दिली आणि लच्छूचा नंबर लावला. "फीडर बंद कर. मोहबोडीचा. हो, आत्ता. मी जाऊन राह्यली." पिशवीतून तिने रबरी हातमोजे काढले. मागच्या वर्षीच्या त्या रविवारनंतर ते कायम तिच्याबरोबर असतात.

"मी येऊ का?" मी विचारलं.

तिने माझ्या पायांकडे पाहिलं. मी बूट घातले होते.

"या," ती म्हणाली. "पण माह्या मागं चाला. मी पाय ठेवीन तिथीच ठेवा."

वाजिदभाऊ वर थांबले, मोजणी अर्धवट सोडता येत नव्हती. आम्ही दोघं उताराला लागलो.